फाल्गुनात काडीपेटी घरी ठेवा

फेब्रुवारी अर्धा सरला की वर्धा जिल्ह्यातली वावरं एकेक करून मोकळी होऊ लागतात. तूर निघालेली असते, चणा सोंगणीला येतो, गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडतात आणि पऱ्हाटीवर वेचायला मजूर लावणं परवडू नये इतकाच कापूस उरतो. मग संध्याकाळी धुऱ्याधुऱ्यांवरून धूर निघताना दिसतो. कुणी पऱ्हाटीचे ढीग पेटवलेले असतात, कुणी धुऱ्यावरचं वाळलेलं गवत, कुणी मोहाखालचा पाला. वावर साफ दिसलं की काम उरकल्यासारखं वाटतं. पण शिवरात्र ते पाडवा या महिन्यात जे जळतं, त्यातलं बहुतेक पुढच्या खरिपाचं भांडवल असतं. आता जाळायचं आणि मे महिन्यात तेच खत पैसे मोजून आणायचं, हे दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः काय जाळू नये याबद्दल आहे. ओघानं विहीर, गोठा, बियाणं आणि पळस-मोहाच्या दिवसांतली बाकीची कामंही येतील.

पऱ्हाटी, कवडी आणि अळी

हिंगणघाट-समुद्रपूरपासून देवळी-आर्वीपर्यंत कपाशी आहे, त्यामुळे पऱ्हाटीचं काय करायचं हा प्रश्न जिल्ह्यातल्या बहुतेक घरांचा आहे. जाळणाऱ्याकडे एक खरं कारण असतं, ते म्हणजे गुलाबी बोंडअळी. 2017 च्या हंगामात या अळीनं विदर्भातल्या बीटी कपाशीची काय गत केली, हे कुणाला नव्यानं सांगायला नको. हंगाम संपता संपता ही अळी न उमललेल्या बोंडात, कवडीत, सरकीचे दोन दाणे एकमेकांना जोडून त्यांच्या पोटात सुप्त राहते आणि पावसाळ्याच्या तोंडावर पतंग होऊन नव्या कपाशीकडे वळते. तेव्हा उभी पऱ्हाटी मार्च-एप्रिलपर्यंत ठेवणं, ओलीत देऊन फरदड घेणं आणि उपटलेली पऱ्हाटी चुलीसाठी म्हणून जूनपर्यंत धुऱ्यावर रचून ठेवणं ही तिन्ही कामं अळीला सांभाळणारी आहेत. त्यांच्यापेक्षा जाळणं बरं, हे मीही मान्य करीन.

पण अळी लाकडात नसते, बोंडात असते. हे लक्षात घेतलं की कामाचा क्रम बदलतो. शेवटचा वेचा झाला की आधी वावरात शेळ्या-मेंढ्या सोडाव्यात. उरलेली हिरवी बोंडं आणि पाला त्या खाऊन टाकतात, वर लेंड्याही पडतात. शेवटची फवारणी होऊन बरेच दिवस गेले आहेत ना, एवढं मात्र पाहून घ्या. नसतील तर मेंढपाळाला स्पष्ट सांगा. मग झाडावर आणि खाली राहिलेली वाळकी बोंडं, कवडी पोत्यात गोळा करा. या पोत्यांसाठी खुशाल काडी ओढा. खड्ड्यात टाकून जाळा, त्यात गैर काही नाही. एकराच्या रानात हे ओझं दोन-चार पोत्यांचं असतं, आणि त्याच्यासाठी आपण एकरी साधारण 10 क्विंटल पऱ्हाटी पेटवून देतो.

उपटायला उशीर करू नये. काळ्या जमिनीत थोडी ओल असेपर्यंत चिमट्यानं झाड मुळासकट येतं. एकदा जमीन भेगाळली की ते बुडाशी मोडतं, आणि ती खुंटं पुढं वखराला आडवी येतात. उपटलेल्या पऱ्हाटीचा ट्रॅक्टरवर चालणाऱ्या श्रेडरनं चुरा करून घेता येतो. एका शेतकऱ्यानं दोन एकरांसाठी यंत्र बोलावलं तर भाडं अंगावर येतं. लागून असलेल्या आठ-दहा जणांनी एकाच दिवशी बोलावलं तर यंत्रवालाही येतो आणि भाडंही बसतं. श्रेडर मिळत नसेल तर चाऱ्याच्या कुट्टी यंत्रातून बारीक फांद्या निघतात; बुडाचं जाड लाकूड निघत नाही, त्याच्या नादी लागू नका. ते चुलीला ठेवा, पण घरी आणून, बोंडं झोडून, आणि पावसाळ्याआधी संपवून टाका.

ज्या वावरात यंदा अळी जास्त होती तिथं याच दिवसांत नांगरट करावी. मातीतले कोष वर येतात, उन्हानं मरतात, आणि बाकीचं काम पाखरं करतात. नांगरामागं बगळे, साळुंक्या आणि कोतवाल कसे धावतात ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून नांगरट सकाळी करा. भर दुपारी पाखरंही सावलीला जातात आणि बैलही दमतात.

टाकं कधी भरायचं

पऱ्हाटीच्या चुऱ्याचं काय करायचं? थेट जमिनीत गाडता येतो, पण ओल नसलेल्या जमिनीत तो पावसाळ्यापर्यंत तसाच पडून राहतो आणि कुजायला लागला की सुरुवातीला पिकाच्या वाट्याचं नत्र स्वतःच खातो. लहान शेतकऱ्यानं तो टाक्यात टाकावा, असं माझं मत आहे. टाकं म्हणजे नाडेप. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली आणि त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांनी ती देशभर गेली. इतक्या जवळची गोष्ट असूनही आपल्याकडची कितीतरी टाकी अनुदानातून बांधली गेली आणि आज त्यांत कोंबड्या अंडी घालतात. टाक्याचा यात दोष नाही. बहुतेकांनी ते चुकीच्या महिन्यात भरलं, एवढंच.

हिशेब सोपा आहे. नाडेपचं खत तयार व्हायला 90 ते 120 दिवस लागतात. फेब्रुवारी संपायच्या आत भरलेलं टाकं मृग नक्षत्राच्या तोंडाशी, म्हणजे 7-8 जूनच्या आसपास, उपसायला येतं. एप्रिल-मेमध्ये भरलं तर खत ऑगस्टमध्ये हातात येतं, तेव्हा पेरण्या कधीच आटोपलेल्या असतात. शिवाय आता विहिरीला पाणी आहे, आणि टाक्याला पाणी लागतं.

मापं साधारण अशी: आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं सोडलेली. एका टाक्याला सुमारे 100 किलो शेण, 1,400 ते 1,500 किलो काडीकचरा, जवळपास 1,750 किलो कोरडी चाळलेली माती आणि ऋतुमानाप्रमाणे दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं. शेण किती कमी आहे पाहा. ज्याच्या दारी एकच गाय आहे त्यालाही हे जमतं, म्हणूनच ही पद्धत लहान शेतकऱ्याची. सगळ्यांत जड जाते ती माती. ती वावराच्या वरच्या थरातून खणू नका. नाल्याच्या, तळ्याच्या कोरड्या पात्रातला गाळ आणा, किंवा गोठ्यातली मूत मुरलेली माती काढून तिथं नवी भरा.

भरताना आतल्या भिंती शेणपाण्यानं ओल्या करायच्या. सहा इंच काडीकचरा, त्यावर सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवलेलं चार किलो शेण, त्यावर पन्नास-साठ किलो माती आणि पाण्याचा शिडकावा. अशा अकरा-बारा थरांत टाकं भरून काठाच्या वर दीड फूट झोपडीसारखा उतार येतो. मग शेणमातीनं लिंपून टाकायचं. सगळं टाकं एक-दोन दिवसांत भरून व्हायला हवं. रोज एक टोपलं टाकून भरलेलं टाकं हा नुसता उकिरडा होतो. पंधरा-वीस दिवसांनी ते आठ-नऊ इंच खाली बसतं. तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपायचं. नेमकं हेच दुसरं भरणं बहुतेकांकडून राहून जातं. पुढं लिंपणाला भेगा पडल्या की त्या शेणानं बुजवायच्या आणि भोकांतून पाणी मारत राहायचं.

पऱ्हाटीचा चुरा काडीकचऱ्याच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नको. तो लाकडी आहे, उशिरा कुजतो. बाकीचा भरणा पळसाची पानं, तुरीचा झडलेला पाला, धुऱ्यावरचं कापलेलं गवत, घराभोवतीचा झाडलोट केलेला पाला यांचा असावा. जून महिन्यात उपसताना जे तुकडे कुजले नसतील ते चाळून बाजूला ठेवा, पुढच्या टाक्यात टाका.

वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं तेव्हापासून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांसारखी माणसं गावच्या कचऱ्याला संपत्ती म्हणत आली. त्याच जिल्ह्यात दर फाल्गुनात ही संपत्ती पेटते, याला काय म्हणावं!

गोठ्याचा वाटा आधी

टाक्याचा उत्साह एकदा अंगात आला की माणूस कुटारही त्यात टाकायला निघतो. थांबा. तुरीचं आणि चण्याचं कुटार ही डाळवर्गीय पिकांची देणगी आहे, गव्हांड्यापेक्षा त्यात प्रथिनं जास्त. ते गोठ्याचं. ज्वारी होती तेव्हा कडबा होता. सोयाबीन आल्यावर ज्वारी मागं पडली आणि वैरणीचा सगळा भार कुटारावर आला.

आर्वी, कारंजा, आष्टी या तालुक्यांतली गवळाऊ जात पाहा. पांढरी-करडी, अंगानं हलकी, चालायला चपळ. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं शासकीय प्रक्षेत्रही आहे. अशा मध्यम अंगाच्या जनावराला दिवसाला सहा-सात किलो कोरडी वैरण धरली, तर मार्च ते जूनअखेर 120 दिवसांचे सात-आठ क्विंटल होतात. बैलजोडी आणि एक गाय असेल तर बावीस-पंचवीस क्विंटल. मळणीच्या दिवशीच हा आकडा मनात ठेवून कुटार मोजा. कमी पडत असेल तर आत्ताच, खळ्यावरून घ्या. मे महिन्यात कुटाराला भाव विचारायची सोय राहत नाही. गंजी एकच मोठी न लावता दोन वेगवेगळ्या ठिकाणी लावा, विजेच्या तारेखाली लावू नका. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरची ठिणगी कुठं उडेल याचा भरवसा नाही.

विहिरीचा दोर

उन्हाळी भाजी लावावी का, मूग टाकावा का, हे प्रश्न आता पडतात, आणि बहुतेक जण उत्तर शेजाऱ्याकडे पाहून देतात. त्याऐवजी दोराला वजन बांधून विहिरीतलं पाणी मोजा. काठापासून पाणी किती खाली आणि तळापर्यंत पाणी किती, दोन्ही लिहून ठेवा. दर अमावास्येला मोजलं की तारीख विसरत नाही. पुढं दोन-तीन वर्षांची वही झाली की तिच्यासमोर कुणाचाही सल्ला फिका पडतो.

एक आकडेमोड इथं करून दाखवतो, कारण ती पाहिल्याशिवाय पटत नाही. एका एकराला दोन इंच पाणी द्यायचं म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. 20 फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट उंचीचं पाणी म्हणजे जवळजवळ 8,900 लिटर. म्हणजे एका पाळीला 23 फूट पाणी उपसावं लागतं. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्ट खडकात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात, आणि मार्चनंतर झरे मंदावतात. तेव्हा नुसती पातळी पाहून चालत नाही. मोटर चालवून चार-पाच फूट पाणी उपसा आणि ते परत भरायला किती तास लागतात ते घड्याळ लावून पाहा. फेब्रुवारीत रात्रीतून भरणारी विहीर एप्रिलमध्ये दोन दिवस घेईल, असं धरूनच चाला.

उन्हाळी मूग टाकायचाच असेल तर फेब्रुवारीचा शेवटचा आणि मार्चचा पहिला आठवडा ही त्याची वेळ आहे. साठ-पासष्ट दिवसांत तो निघतो आणि जमिनीला पालाही देतो. विहीर त्याला पुरणार नसेल तर चार गुंठ्यांत पालक, सांबार, वांगी, भेंडी ठिबकवर लावा, त्यावर पऱ्हाटीचा चुरा किंवा गव्हांडा पसरा आणि बाकीचं रान मोकळं सोडा. मोकळ्या वावराची लाज वाटून घेऊ नये.

पिकं निघाल्यावर आणि शेणखत पडायच्या आधी मातीचा नमुनाही घेऊन टाका. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, त्याच्या कडेची माती एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरली की सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यायची. झाडाखालची, धुऱ्यालगतची, टाक्याजवळची माती घेऊ नये.

हुळा आणि बियाणं

चणा गच्च भरला पण वाळला नाही, अशा आठ-दहा दिवसांत हुळा होतो. टहाळ उपटायचा, धुऱ्यावरच्या काटक्या पेटवून त्यावर धरायचा आणि राखेतून घाटे निवडून खायचे. बोटं, ओठ, सदरा सगळं काळं होतं. या जाळाला माझी हरकत नाही. निघताना त्यावर पाणी ओता म्हणजे झालं. ज्यांची मुलं नागपूर-पुण्याला आहेत त्यांनी मुलांना होळीला नव्हे, हुळ्याला बोलवावं. होळी कुठंही सापडते.

पण हुळ्यासाठी वावराच्या मधोमधची झाडं उपटू नका. तिथं बियाणं आहे. चणा स्वपरागीभवनाचा असल्यानं जाकी 9218 सारख्या सरळ वाणाचं बियाणं घरी ठेवता येतं, दर वर्षी पिशवी आणायची गरज नाही. सोंगणीच्या आधी वावरातून फिरून घाट्यांनी लगडलेली, मर रोगापासून वाचलेली निरोगी झाडं निवडा, खुणेला चिंधी बांधा आणि त्यांची मळणी वेगळी करा. सोंगणी पहाटे दवावर करावी, म्हणजे घाटे फुटून दाणे सांडत नाहीत. दाणा दाताखाली धरला की कटकन तुटला पाहिजे. दबला तर अजून ऊन हवं. साठवताना भुंगेऱ्यांची भीती असते. कोठी आधी रिकामी करून उन्हात तापवा, जुन्या दाण्यांचा एकही कण राहू देऊ नका, बियाण्यात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थरांमध्ये घाला आणि तोंड हवाबंद करा.

तुरीचं गणित वेगळं. तुरीच्या फुलांवर मधमाश्या फिरतात आणि शेजारच्या वावरातला पराग आणून टाकतात. त्यामुळे तुरीचं बियाणं कडेच्या ओळींचं नको, वावराच्या मध्यातलं हवं, आणि तीन-चार वर्षांनी नवं आणावंच. बीटी संकरित कपाशीची सरकी बियाण्याला ठेवायचीच नाही.

समुद्रपूर तालुक्यात वायगावकडे या दिवसांत हळदीची खणणी चालते. वायगाव हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. रंग आणि कुर्कुमिन यांमुळे तिचं नाव आहे. ज्यांनी गुंठाभर हळद हौसेनं लावली आहे त्यांनी गड्डे खणल्यावर बियाण्याचे आधी बाजूला काढावेत. ठसठशीत, न कापलेले मातृकंद निवडून सावलीत ढीग करून हळदीच्याच वाळल्या पानांनी झाकायचे. उरलेले दोन-तीन दिवसांत उकडून उन्हात टाकायचे. उशीर केला तर रंग उतरतो.

पळस, मोह आणि धुरा

धुरा म्हणजे वाया गेलेली जमीन, हा समज ट्रॅक्टरबरोबर आला. मार्चमध्ये वावरात हिरवं काही नसतं तेव्हा धुऱ्यावर पळस पेटलेला असतो. त्याच्या फुलांतला मध प्यायला शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, आणि परतीच्या वाटेवरच्या भोरड्यांचे थवे येतात. काटेसावरीवरही हीच गर्दी. यांतली बरीच पाखरं पुढं आपल्या रानातल्या अळ्या वेचतात. त्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये उपाशी ठेवून जुलैमध्ये मदतीला बोलावता येत नाही. धुऱ्याचं गवत पेटवलं की पळसाची साल भाजते, करवंदीच्या झुडपातलं फुलोरी माश्यांचं इवलंसं मोहोळ जळतं, आणि मुंगूस, सरडे, बेडूक दडतात तो आडोसा जातो. गवत नको असेल तर विळ्यानं कापा आणि टाक्यात टाका.

पळसाची फुलं धुळवडीसाठी गोळा करताना खाली पडलेलीच घ्या. सावलीत वाळवून ठेवली तर वर्षभर टिकतात. रात्री गरम पाण्यात भिजवून सकाळी गाळली की पिवळा-केशरी रंग मिळतो. काही जण गडद रंगासाठी त्यात चुना घालतात. मुलांच्या अंगावर टाकायचं असेल तर चुना नको. होळीत मात्र शेणाच्या चाकोल्यांच्या माळा पुरे, लाकडं मोजकीच असू द्या.

मोहाची गोष्ट जास्त गंभीर आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे गळतात, आणि ती पाल्यात हरवू नयेत म्हणून झाडाखाली आग लावायची जुनी सवय आहे. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलालगतच्या सेलू, कारंजा, आर्वी तालुक्यांतल्या गावांत ही आग धुऱ्यावरून जंगलात शिरते. वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतो तो काही उगीच नाही. त्याऐवजी पाला खराट्यानं झाडून काढा आणि जुनी लुगडी, शेडनेट किंवा मासे धरायची फाटकी जाळी झाडाखाली अंथरा. फुलं स्वच्छ मिळतात, माती-राख लागत नाही, आणि वेचायला कंबर मोडत नाही. वाळवलेल्या फुलांची भाकरी, लाडू, जनावरांना खुराक, असे त्यांचे उपयोग आहेत. आणखी एक उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपला जिल्हा दारूबंदीचा आहे, तेव्हा तो इथं लिहीत नाही.

आग्या मोहोळ झाडायला येणारेही टेंभा लावून अख्खं मोहोळ जाळतात. चार किलो मधासाठी हजारो माश्या मारू देऊ नका. संत्र्याच्या बागा आंबिया बहारात असताना आणि वेलभाज्या फुलात असताना फवारणी टाळा. करावीच लागली तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर.

आंब्याचा मोहर, कोकिळेची पहिली हाक, तांबटाची टुकटुक, कडुनिंबाची लाल पालवी यांच्या तारखा विहिरीच्याच वहीत लिहा. दुपार कधी तापणार याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. टिटवीचं मात्र जरा बेतानं घ्या. तिनं अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जास्त, असं जाणती माणसं सांगतात. ऐकावं, पण पेरणी त्यावर ठरवू नये. नांगरलेल्या रानात तिची अंडी दिसली तर जवळ एक काडी रोवा आणि वखर बाजूनं काढा.

जिवाची काळजी

पऱ्हाटीच्या ढिगात, कुटाराच्या गंजीखाली उंदीर येतात आणि उंदरांमागं नाग, घोणस. थंडी सरली की साप पुन्हा हिंडू लागतात. ढिगात थेट हात घालू नका, आधी काठीनं हलवा. पायात बूट असू द्या. साप चावला तर दोर आवळणं, चिरा देणं, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता माणसाला ताबडतोब जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्या.

चणा आणि गहू उभे असेपर्यंत रानडुकरं आणि रोही यांच्यामुळे जागल करावी लागते. जागलीला एकट्यानं जाऊ नये, बॅटरी आणि वाजवायला डबा सोबत हवा. कुंपणात विजेचा थेट प्रवाह सोडणारे आजही सापडतात. तो गुन्हा तर आहेच, शिवाय पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीच त्याला चिकटतो. सौरकुंपणाचा झटका वेगळा; तो मारत नाही, हुसकावतो. बोरच्या बाजूच्या गावांत वाघाची भीती असते, म्हणून मोह वेचायला पहाटे वाकून बसणाऱ्या बायांनी घोळक्यानं, बोलत, थोडं उजाडल्यावरच जावं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते हे धरूनच सोंगणीची आखणी करा. दुपारनंतर आभाळ भरून आलं तर सोंगलेल्या चण्याच्या पेंढ्या पसरलेल्या ठेवू नका, ढीग करून ताडपत्रीनं झाका. ताडपत्री आदल्या रात्री वावरात असली तरच ती उपयोगाची. विजा चमकू लागल्या की एकट्या झाडाखालून उठा. मोबाइलवर दामिनी ॲप ठेवलंत तर आसपासच्या विजेची सूचना आधी मिळते. नुकसान झालंच तर पीक हलवायच्या आधी फोटो काढा आणि त्याच दिवशी तलाठ्याला, कृषी सहायकाला कळवा.

पाडव्याच्या आत

पाडव्याला सालगड्याचं साल बदलतं. तुमच्याकडे सालगडी असेल तर टाक्याचं दुसरं भरणं, कुटाराची गंजी आणि विहिरीचा दोर ही कामं त्याला प्रत्यक्ष दाखवून मगच नवा व्यवहार ठरवा. जुना गडी जाताना वावराची निम्मी माहिती घेऊन जातो. घरात बायांचं शेवया-कुरड्या-मूगवड्यांचं वाळवण सुरू झालेलं असतं, त्या दिवसांत त्यांना वावरात ओढू नका. निंदण-वेचणी वर्षभर त्यांनीच केलेली असते.

गाळाची सोयही आताच लावा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना 2017 पासून आहे, आणि गावतलावातला गाळ बरड, मुरमाड तुकड्याला सोन्याच्या भावाचा ठरतो. भारी काळ्या रानात तो टाकू नका; तिथं आधीच निचरा कमी. किती ट्रॉल्या हव्यात, कोणत्या तुकड्यात हव्यात हे ठरवून ग्रामपंचायतीत नाव देऊन ठेवा. मेमध्ये अख्खं गाव एकाच जेसीबीच्या मागं लागतं, आणि तेव्हा ज्याचं नाव आधी लागलेलं असतं त्याच्याच वावरात पहिली ट्रॉली रिकामी होते.